बाराव्या होलवरचा नऊ

कार्डावर बाराव्या होलच्या चौकटीत ९ लिहिलेला आहे. बाकीच्या आकड्यांपेक्षा इथे पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली आहे. दोन घरं सोडून पंधराव्याला ८. हे दोन आकडे झाकले तर बाकी सगळं शहाण्यासारखं चाललेलं दिसतं. कुठे ४, कुठे ५, पार तीनच्या एका होलवर चक्क ३. पहिल्या नऊ होलला ४१ फटके, दुसऱ्या नऊला ५१. एकूण ९२.

हे कार्ड कुणा एका माणसाचं नाही, नमुन्यादाखल मांडलेलं आहे. पण रविवारी पहाटे उठून ज्याने कधी गोल्फची बॅग खांद्याला लावली, त्याला ते आपल्याच खिशातून पडल्यासारखं वाटेल. हौशी गोल्फरची फेरी अशीच असते. सरळ रेषेत चालता चालता मधेच पाय खड्ड्यात जातो, आणि मग आठवडाभर मनात तो खड्डाच राहतो.

समजा, हा हौशी गोल्फर गोंदियाचा आहे. गोंदिया जिल्ह्याची ओळख धानाची, राइस मिलची, नवेगावबांध आणि नागझिऱ्याची, सारस पक्ष्यांची. या यादीत गोल्फ घालायचं कुणाच्या मनात येणार नाही. तरीही महाराष्ट्रातल्या गोल्फचा नकाशा समजून घ्यायला गोंदिया स्टेशन हे बरं ठिकाण आहे, कारण इथून सुटणाऱ्या दोन गाड्या जवळजवळ अख्खा नकाशा पालथा घालतात. विदर्भ एक्सप्रेस मुंबईला जाते, महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरला. दोन्ही गाड्यांना नागपूरच्या अलीकडे कामठी लागतं. इंग्रजांनी १८२१ साली वसवलेल्या तिथल्या छावणीत लष्कराचा गोल्फ कोर्स आहे. विदर्भ एक्सप्रेस पुढे नाशिकला पोचते. त्या शहरात ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की रिक्षावाला मैदानावर नेऊन सोडतो, पण तिथे क्रिकेट चालतं, रणजी सामनेसुद्धा झाले आहेत. मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फ उरला तो लोकांच्या तोंडात. मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ सालचा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा, आणि खाडीपलीकडे खारघरला सिडकोने उभारलेला कोर्स. महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलं तर पुण्यात येरवड्याला पूना क्लबचा जुना कोर्स.

या यादीत क्लब आणि छावण्या फार, आणि त्यामुळे हा साहेबांचा खेळ ही समजूत पक्की. ती पूर्ण खोटी नाही. पण चेंबूरमध्येच, साहेबांच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडी पोरांनी वस्तीतल्या बोळांत स्वतःचा गोल्फ उभा केला. वाकवलेली लोखंडी सळई ही स्टिक, प्लास्टिकचा चेंडू, आणि पत्रे, गटारं, वाळत घातलेले कपडे हे अडथळे. देशोदेशींच्या छायाचित्रकारांनी तो खेळ टिपला आहे. ज्यांनी लहानपणी जमिनीत गल करून त्यात गोट्या टाकल्या आहेत, त्यांना या खेळाचा गाभा सांगावा लागत नाही. चेंडू इथे आहे, गल तिथे आहे, कमीत कमी फटक्यांत पोचायचं. फरक एवढाच की गल चारशे मीटर लांब आहे, तिची रुंदी फक्त १०८ मिलिमीटर, आणि मधे झाडं, पाणी, वाळू आणि स्वतःचं डोकं आहे.

‘पार’ म्हणजे काय हे गोंदियाच्या माणसाला पैसेवारीवरून चटकन कळेल. धानाच्या हंगामात महसूल खातं गावोगावची पैसेवारी काढतं. चांगलं पीक किती यावं याचं एक प्रमाण धरायचं आणि यंदाचं पीक त्याच्या किती पैसे भरलं ते सांगायचं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेलं की दुष्काळाची भाषा सुरू होते. पार हे गोल्फमधलं तसंच प्रमाण. जाणत्या खेळाडूला एखादा होल किती फटक्यांत जमावा, त्याचा आकडा. छोट्या होलला तीन, मधल्याला चार, लांबला पाच, आणि प्रत्येकात ग्रीनवरचे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, दोन हलके फटके (पुट) गृहीत धरलेले. अठरा होल मिळून बहुधा ७२. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी, एक कमी लागला तर बर्डी. फरक इतकाच की पैसेवारी जेवढी जास्त तेवढं बरं, आणि इथे आकडा जेवढा कमी तेवढा माणूस थोर.

अठरा हा आकडा तरी कुठून आला? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या कोर्सवर एकेकाळी एका फेरीत बावीस होल खेळत. १७६४ साली काही होल जोडून टाकले आणि अठरा झाले. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. यामागे काही शास्त्र होतं असं मानायचं कारण नाही.

आता बाराव्या होलकडे. पार चार. पहिला फटका ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यांत लांब मारणाऱ्या काठीने; चेंडू उजवीकडे वळत वळत हद्दीबाहेर. खेळणारे याला ‘ओबी’ म्हणतात, आणि नियम असा की एक फटका दंड आणि पुन्हा तिथूनच मारायचं. म्हणजे नवा चेंडू टीवर, सुरुवातीच्या जागेवर, ठेवला तेव्हाच हिशेब तिसऱ्या फटक्यावर गेला. तो रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात. चौथा बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. पाचव्याने वाळू उडाली, चेंडू जागचा हलला नाही. सहावा ग्रीनवर. सातवा पुट लांब राहिला, आठवा भोकाच्या कडेवरून फिरून परतला, नववा गेला. पंधराव्याची गोष्ट थोडी निराळी. तिथे पहिला फटका दिवसातला सगळ्यांत देखणा होता. दुसरा चेंडूच्या डोक्यावर बसला, तिसरा तळ्यात, दंड धरून चार, पाचवा ग्रीनवर आणि पुन्हा तीन पुट. पारपेक्षा वीस जादा फटक्यांपैकी नऊ या दोन होलनी खाल्ले. उरलेल्या सोळा होलवर मिळून जादा अकराच.

असं का होतं? पहिलं उत्तर साध्या भूमितीत आहे. चेंडू आणि क्लबचं तोंड यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या वेळात चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर दोनशे मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला जातो. ते चालतं, फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, त्याहून रुंद असतो. चार अंशांची चूक झाली की चौदा मीटर. तिथे झाडं सुरू होतात. चेंडूला तिरकी फिरकी बसली तर हे अंतर आणखी वाढतं. चार अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याला एका मिनिटाचा पल्लाही पुरा नाही, कारण मिनिटाला काटा सहा अंश सरकतो. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाचे मनगट, खांदा आणि कंबर एवढ्या अचूकतेने नव्वद वेळा एकसारखे फिरावेत ही अपेक्षाच जरा आगाऊ आहे.

दुसरं उत्तर घड्याळातच आहे. एक फेरी चार तास चालते. ९२ मधले दंडाचे दोन वजा केले तर प्रत्यक्ष मारलेले फटके नव्वद. प्रत्येक फटक्याला दोन सेकंद धरले तर सगळा मिळून खेळ तीन मिनिटांचा! उरलेला वेळ चालण्यात जातो, म्हणजेच विचार करण्यात. क्रिकेटमध्ये उसळता चेंडू अंगावर आला की बॅट आपोआप पुढे जाते, विचाराला सवड नसते. गोल्फमध्ये चेंडू निवांत पडून वाट बघतो. बाराव्यावर नऊ झाले की तेराव्याच्या टीपर्यंतच्या पाच मिनिटांच्या चालीत माणूस नोकरी, वय, ड्रायव्हरची किंमत आणि बायकोने आज सकाळी काय म्हटलं होतं, या सगळ्याचा आढावा घेऊन येतो.

आणि यातून थोरही सुटत नाहीत. हौशी गोल्फरांचा सार्वकालिक महानायक म्हणजे अमेरिकेतला अटलांटाचा बॉबी जोन्स. पेशाने वकील, आणि गोल्फ जन्मभर हौस म्हणून खेळला. १९२१ साली तो सेंट अँड्रूजला ब्रिटिश ओपन खेळायला उतरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलला त्याचे ४६ फटके झाले. दहाव्यावर ६. अकराव्याला चेंडू बंकरमध्ये गेला आणि तिथून काही केल्या निघेना. जोन्सने चेंडू उचलून खिशात घातला आणि स्पर्धेतून अंग काढून घेतलं. भर सामन्यात, त्या पवित्र मानलेल्या मैदानावर! पुढे आयुष्यभर त्याला या गोष्टीची लाज वाटत राहिली. पण सेंट अँड्रूजने मनात धरलं नाही. १९२७ साली त्याच मैदानावर तो ब्रिटिश ओपन जिंकला. १९३० साली अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडच्या ओपन आणि ॲमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने स्पर्धात्मक गोल्फ सोडला. १९५८ साली सेंट अँड्रूजने त्याला शहराचं मानद नागरिकत्व दिलं. बेंजामिन फ्रँकलिननंतर तो मान मिळालेला तो पहिला अमेरिकन.

चेंडू उचलणारा जोन्स आणि चारही स्पर्धा जिंकणारा जोन्स यांच्या मधोमध १९२५ सालचा जोन्स उभा आहे, आणि गोल्फर मंडळींना तोच सगळ्यांत जवळचा. यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत, गवतात पडलेल्या चेंडूपाशी तो फटक्याच्या तयारीत उभा असताना चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही. जोन्सने स्वतः होऊन एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धेच्या शेवटी तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले, निर्णयासाठी जादा फेऱ्या झाल्या आणि जोन्स एका फटक्याने हरला. गोल्फच्या मैदानावर शिट्टी घेऊन मागे धावणारा पंच नसतो. आपला नऊ आपणच लिहायचा असतो. म्हणूनच पेन्सिल दाबली जाते.

कार्डाचं हे महत्त्व किती टोकाला जातं याचा दाखला १९६८ सालच्या मास्टर्स स्पर्धेत सापडतो. अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे विचेन्झोने शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर तीन फटके घेतले. त्याचं कार्ड भरणाऱ्या सहखेळाडूने चुकून चार लिहिले. दे विचेन्झोने न तपासता सही केली. नियमाप्रमाणे सही केलेला जास्तीचा आकडाच कायम राहिला, आणि बॉब गोल्बीशी बरोबरी साधलेला हा माणूस एका फटक्याने मागे पडला. तो दिवस त्याच्या वाढदिवसाचा होता.

म्हणजे हिशेब कडक आहे. पण याच खेळाने हिशेबात माणुसकीची एक खिडकीही ठेवली आहे, आणि ती उघडणारा माणूस डॉक्टर होता. फ्रँक स्टेबलफर्ड पेशाने शल्यविशारद, हौशी गोल्फर. त्याने पाहिलं की वारा सुटला की बरे बरे खेळाडू पहिल्या दोन-तीन होलवर आकडा फुगला म्हणून कार्ड फाडून घरी जातात. १८९८ साली वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनशायर क्लबात त्याने एक पद्धत करून पाहिली. ती फारशी रुजली नाही. तब्बल ३४ वर्षांनी, १९३२ साली, लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात ती सुधारून पुन्हा आणली. कल्पना इतकी सोपी की कुणालाही सुचावी, पण सुचली त्यालाच. फटके मोजायचे नाहीत, गुण मोजायचे. ठरलेल्या आकड्यात होल पूर्ण केला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा त्याहून जास्त फटके जादा गेले की शून्य. आणि शून्याच्या खाली काही नाही. नऊ करा नाहीतर एकोणीस, नुकसान सारखंच. चेंडू उचला, पुढच्या होलला चला.

‘ठरलेला आकडा’ प्रत्येकाचा वेगळा, कारण मधे हँडिकॅप येतो. शब्दाचा उगम एका जुन्या इंग्रजी सौद्याच्या खेळात सांगतात. दोघांच्या वस्तूंच्या किमतीतला फरक त्रयस्थाने ठरवायचा आणि दोघांनी टोपीत हात घालून होकार-नकार कळवायचा. ‘हँड इन कॅप’चं झालं हँडिकॅप. गोल्फमध्ये ती कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. मुलांच्या खेळात लिंबूटिंबूला सूट असते, तशीच, फक्त इथे ती दशांश चिन्हापर्यंत मोजलेली. त्यामुळेच वडील आणि मुलगी, निवृत्त सुभेदार आणि कॉलेजातला पोरगा, हे चौघं एका सामन्यात खऱ्याखुऱ्या चुरशीने खेळू शकतात. असं दुसऱ्या किती खेळांत जमतं?

आपल्या नमुन्याच्या गोल्फरचा हँडिकॅप अठरा धरू. म्हणजे दर होलला एक फटका माफ. आता त्याच ९२ चा हिशेब दोन प्रकारे मांडून बघा.

पहिला प्रकार सरळ. ९२ वजा १८, उरले ७४. पार ७२. म्हणजे गडी आपल्या कुवतीपेक्षा दोन फटके वाईट खेळला. पडेल चेहऱ्याने बॅग गाडीत टाकायला हरकत नाही.

दुसरा प्रकार डॉक्टरांचा. दर होलला एक सवलत असल्याने त्याची बोगी दोन गुणांची, पार तीन गुणांचा. पहिल्या नऊ होलवर पाच बोग्या आणि चार पार, म्हणजे २२ गुण. दुसऱ्या नऊमध्ये बाराव्याला शून्य, पंधराव्याला शून्य, एका डबल बोगीचा एक, बाकीच्यांचे मिळून चौदा, असे १५. एकूण ३७. आणि कुवतीइतका खेळ म्हणजे अठरा होलचे दर होलला दोन, छत्तीस. म्हणजे हाच माणूस, याच सकाळी, याच नऊसकट, आपल्या कुवतीपेक्षा एक गुण सरस खेळला.

कार्ड एकच, माणूस एकच. कोणता हिशेब खरा? दोन्ही खरे, आणि क्लबातल्या चहाच्या टेबलावर याच्यावर एक तास सहज निघतो.

२०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू होऊ लागली. तिच्यात या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलेलं आहे आणि ते पुष्कळांना ठाऊक नसतं. खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्या नोंदीत घ्यायच्या, त्यातल्या सगळ्यांत चांगल्या आठ निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. बारा फेऱ्या लिहून ठेवायच्या, पण मोजायच्या नाहीत. हँडिकॅप म्हणजे सरासरी खेळ अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती इथे कोसळते. तो आपल्या बऱ्या दिवसांचा आकडा आहे. त्यामुळे बहुतेकांना ‘हँडिकॅपइतकं’ खेळणं चार-पाच फेऱ्यांत एखाद्याच वेळी जमतं. उरलेल्या वेळी आपण बिघडलोय असं वाटतं, प्रत्यक्षात आपण नेहमीसारखेच असतो.

शिवाय या पद्धतीत एकेका होलवरच्या फटक्यांनाही छत आहे. पार, अधिक दोन, अधिक त्या होलवरची सवलत. आपल्या गोल्फरला पार चारच्या होलवर नोंदीसाठी जास्तीत जास्त सात. बाराव्याचे नऊ सात होतात, पंधराव्याचे आठही सात. ९२ चे होतात ८९. प्रत्येक कोर्स किती अवघड याचेही आकडे असतात. सामान्य खेळाडूला तो किती छळतो याचं ‘स्लोप’ नावाचं माप ५५ ते १५५ पर्यंत जातं, प्रमाण ११३. कोर्स अगदी प्रमाणातला आणि रेटिंग, म्हणजे निष्णात खेळाडूकडून तिथे अपेक्षित फटके, ७२ चं धरलं, तर या फेरीची नोंद ८९ वजा ७२, म्हणजे १७. त्याच्या अठरापेक्षा कमी. ज्या फेरीपायी आज रात्रीची झोप उडणार आहे, ती त्याच्या उत्तम आठांत जाऊन बसण्याची दाट शक्यता आहे.

फेरी का उसवली याची कारणं शोधायचा मोह मात्र सुटत नाही. नवीन ग्रिप, रात्रीचं जागरण, सोबत्याची बडबड. या मोहाविषयी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी जे लिहिलं आहे, त्यात उदाहरण गोल्फचंच आहे. दोन दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी फार चांगला खेळलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी बहुधा थोडा वाईट खेळतो, आणि फार वाईट खेळलेला थोडा बरा. लोक म्हणतात पहिला दडपणाखाली आला, दुसऱ्याने जिद्द धरली. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच की पहिल्या दिवशीच्या आकड्यात नशिबाचा वाटा मोठा होता आणि नशीब रोज तसंच राहत नाही. कानमन यांना ही गोष्ट उमगली ती इस्रायली हवाईदलाच्या प्रशिक्षकांशी बोलताना. ते सांगत होते, शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या आकाशात घिरट्या घालणारी छोटी विमानं पाहताना हे आठवायला हरकत नाही. फार चांगल्या उतरणीनंतरची उतरण साधारणच असायची, कुणी शाबासकी देवो न देवो.

पुण्याचा गोल्फर उदयन माने याची २०२१ सालची गोष्ट या चौकटीत ठेवून पाहावी. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यामुळे त्याला टोकियो ऑलिंपिकचं दार उघडलं. कासुमिगासेकी कोर्सचा पार ७१. पहिल्या दिवशी मानेचे ७६ फटके झाले, पाच जादा. दुसऱ्या दिवशी ६९. एका रात्रीत सात फटके कुठे गेले? स्पर्धा संपली तेव्हा तो साठ खेळाडूंत संयुक्त छप्पन्नावा होता. बातम्यांत शेवटचा आकडा आला, आणि तो काही मथळ्याचा नव्हता. पण ऑलिंपिकच्या पहिल्या सकाळी पाच जादा घेऊन जेवायला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पारच्या खाली दोन खेळतो, ही गोष्ट नमुन्याच्या कार्डवाल्याला पदकाच्या बातमीपेक्षा जवळची वाटेल.

पदकाची बातमी आणखी काही दिवसांनी थोडक्यात हुकली. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. पहाटेपासून देशभर लोक टीव्हीसमोर बसून बर्डी म्हणजे काय हे एकमेकांना विचारत होते, कारण बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती आणि बॅग घेऊन तिची आई सोबत चालत होती. ६७, ६६, ६८, ६८. गोल्फमध्ये याहून समतल चार दिवस क्वचित दिसतात. तरी एका फटक्याने कांस्य गेलं आणि ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला पडला आणि सकाळचा गोल्फ मागे गेला. उलट, २०२५ च्या मास्टर्समध्ये रॉरी मॅकिलरॉयने चार दिवसांत चार डबल बोग्या केल्या. शेवटच्या दिवशीची सुरुवातच डबल बोगीने झाली, तेराव्याला आणखी एक. अशा कार्डानिशी ती स्पर्धा त्याआधी कुणीच जिंकली नव्हती. तो जिंकला, प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवून. २०११ साली याच स्पर्धेत चार फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी उतरलेल्या मॅकिलरॉयचे ८० फटके झाले होते. दहाव्या होलवर चेंडू झाडांत, लाकडी बंगल्यांच्या दिशेने गेला, तिथून सगळं घसरलं. दोन महिन्यांनी तो यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकला, पण मास्टर्ससाठी त्याला चौदा वर्षं थांबावं लागलं.

हौशी माणसाला हे सारं लागू पडतं का? पैसा आणि पदकांच्या बाबतीत अर्थातच नाही. पण भारतात हौशी या शब्दाला गोल्फने एक मान मिळवून दिलेला आहे. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक नव्हता. १९६५ साली ती स्पर्धा पी. जी. सेठी यांनी हौशी खेळाडू म्हणून जिंकली. भारतीय व्यावसायिकाला तिथवर पोचायला १९९१ साल उजाडलं, आणि ते साधलं ते दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी.

संध्याकाळची गाडी नागपूरहून निघते. कामठीपर्यंत आपला गोल्फर कार्ड खिशातून काढत नाही. कन्हान ओलांडली की काढतो. वरठीला भंडारा रोड स्टेशन येईस्तोवर बाराव्या होलचे नऊच्या नऊ फटके पुन्हा मारून होतात. समोरच्या बाकावरच्या काकांना वाटतं, पोरगा काहीतरी उसनवारीचा हिशेब करतोय. तुमसर रोडला चहा. वैनगंगेच्या पुलावर ‘नऊचे सात’ हा नियम आठवतो आणि चेहरा थोडा निवळतो. तिरोड्याला सदतीस गुणांची बेरीज दुसऱ्यांदा तपासून होते, बरोबर निघते. बाहेर बांध्यांमध्ये पाणी साचलेलं, त्यात उतरतं ऊन. गंगाझरी मागे पडेपर्यंत एवढं ठरलेलं असतं की पुढच्या वेळी बाराव्याच्या टीवर ड्रायव्हर बॅगेतून काढायचाच नाही, मुकाट्याने पाच नंबरचं आयर्न घ्यायचं.

हे त्याने मागच्या खेपेलाही ठरवलं होतं, याच गाडीत, साधारण इथेच.